‘आय वर्क हिअर सिन्स’ हे वाक्य कुठे अडते

मुंबईत दिवसभराची नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गाला येणाऱ्या प्रौढांना मी इंग्रजी शिकवते. या वर्गात जे वाक्य सर्वांत जास्त वेळा माझ्या कानावर पडते ते असे: ‘आय वर्क इन धिस कंपनी सिन्स २०१९.’ बोलणारा कधी भिवंडीच्या गोदामात मालाचा हिशेब ठेवणारा असतो, कधी परळच्या रुग्णालयातली परिचारिका असते, तर कधी फोर्टातल्या एखाद्या कार्यालयात टपाल सांभाळणारा कर्मचारी असतो. वाक्यातले शब्द योग्य असतात, त्यांचा क्रमही योग्य असतो आणि अर्थ तर ऐकणाऱ्याला पहिल्या फटक्यात कळतो. तरीही मुलाखत घेणाऱ्याच्या कानाला ते खटकते, कारण तिथे ‘वर्क’ऐवजी ‘हॅव वर्क्ड’ किंवा ‘हॅव बीन वर्किंग’ यायला हवे असते. ही चूक वर्षानुवर्षे दुरुस्त करूनही पुन्हा पुन्हा का उगवते, याचा विचार करताना मला असे वाटू लागले आहे की दोष विद्यार्थ्यांच्या पाठांतरात नसून त्यांना शाळेत मिळालेल्या व्याख्येतच आहे.

ती व्याख्या बहुतेकांना तोंडपाठ असते. सिंपल प्रेझेंट म्हणजे नेहमी घडणारी क्रिया, आणि प्रेझेंट परफेक्ट म्हणजे नुकतीच पूर्ण झालेली क्रिया. आता ती परिचारिका या व्याख्येच्या आधारे विचार करते: माझी नोकरी संपलेली नाही, मी रोज कामावर जाते, म्हणजे क्रिया नेहमीची आहे, तेव्हा सिंपल प्रेझेंट. तिच्या तर्कात कुठेही खोट नाही. तिला जे सूत्र दिले गेले त्यातून हेच उत्तर निघते, आणि म्हणूनच तिला ‘चूक’ असे सांगून पुन्हा तेच सूत्र म्हणायला लावणे मला अन्यायाचे वाटते.

क्रिया संपली की चालू आहे, हा या दोन काळांमधला खरा भेदच नाही. सिंपल प्रेझेंट एखादी गोष्ट आज आहे, असते, घडते एवढेच सांगतो. ती कधी सुरू झाली, किती काळ चालली, आजवर किती वेळा घडली हे सांगण्याची सोय त्या रूपात नाही. ज्या क्षणी बोलणारा मागच्या काळाचा एखादा तुकडा आजच्या क्षणाला जोडून मोजू लागतो, त्या क्षणी इंग्रजीला प्रेझेंट परफेक्ट लागतो, मग ती क्रिया संपलेली असो वा चालू असो. ‘आय वर्क इन अ हॉस्पिटल’ हे पूर्ण आणि निर्दोष वाक्य आहे. त्याला ‘सिन्स २०१९’ जोडले की मोजणी सुरू झाली, आणि मग क्रियापदाला बदलावेच लागते: ‘आय हॅव वर्क्ड इन अ हॉस्पिटल सिन्स २०१९.’

मराठीत असे होत नाही, आणि अडचणीचे मूळ तिथे आहे. ‘मी २०१९ पासून या रुग्णालयात काम करते’ हे चोख मराठी आहे. आपला वर्तमानकाळ मागचा काळ पोटात घेऊ शकतो. ‘पासून’ हा एक शब्दयोगी जोडला की काम भागते आणि ‘करते’ला हात लावावा लागत नाही. यात मराठी एकटी नाही. जर्मन आणि फ्रेंच भाषांतही ‘दहा वर्षांपासून इथे राहतो’ हे वर्तमानकाळातच सांगतात, आणि त्या भाषा बोलणारे लोकही इंग्रजी शिकताना याच ठिकाणी अडखळतात. हे मी वर्गात आवर्जून सांगते, कारण मराठी माध्यमातून आल्यामुळेच आपल्याला हे जमत नाही, अशी जी खंत अनेकांच्या मनात घर करून बसलेली असते ती निराधार आहे. इथे इंग्रजीचाच मार्ग निराळा आहे.

हा भेद पक्का व्हावा म्हणून मी या शहराच्याच गोष्टी घेते आणि प्रत्येक गोष्ट आधी वर्षाशिवाय, मग वर्षासह सांगायला लावते. ‘ट्रेन्स रन बिटवीन मुंबई अँड ठाणे’ हे आजचे सत्य झाले. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, हे वाक्यात आणायचे ठरवले की ‘ट्रेन्स हॅव रन बिटवीन मुंबई अँड ठाणे सिन्स १८५३’ असे म्हणावे लागते. गाड्या थांबल्या आहेत असा अर्थ यात मुळीच नाही. त्याचप्रमाणे ‘मुंबई हॅज अ युनिव्हर्सिटी’ आणि ‘मुंबई हॅज हॅड अ युनिव्हर्सिटी सिन्स १८५७’. किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची वास्तू ‘इज अ वर्ल्ड हेरिटेज साइट’ आणि तीच वास्तू ‘हॅज बीन अ वर्ल्ड हेरिटेज साइट सिन्स २००४’. नकारार्थी वाक्यालाही हाच न्याय लागू पडतो. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. तेव्हा ‘ट्राम्स डू नॉट रन इन मुंबई’ हे नुसते आजचे वर्णन झाले, आणि ‘ट्राम्स हॅव नॉट रन इन मुंबई सिन्स १९६४’ हे त्या दिवसापासून आजपर्यंतच्या सगळ्या काळाविषयीचे विधान झाले. ज्यांच्या घरी आजोबांच्या तोंडून ट्रामच्या आठवणी ऐकलेल्या असतात, त्यांना या दोन वाक्यांतले अंतर चटकन जाणवते.

‘पासून’ या शब्दाचा आणखी एक परिणाम इथेच सांगायला हवा. मराठीत ‘२०१९ पासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’ या दोन्ही ठिकाणी तोच शब्द चालतो. इंग्रजीत मात्र आरंभाचा बिंदू सांगायचा असेल तर ‘सिन्स’ आणि काळाची लांबी सांगायची असेल तर ‘फॉर’. म्हणून ‘आय अ‍ॅम मॅरिड सिन्स टेन इयर्स’ या वाक्यात दोन चुका एकत्र येतात, आणि एक सुधारली तरी दुसरी राहते. ‘आय हॅव बीन मॅरिड फॉर टेन इयर्स’ हे त्याचे नीट रूप. पण म्हणून ‘फॉर’ दिसला की डोळे मिटून प्रेझेंट परफेक्ट वापरावा, असा नियम मी कोणालाही करू देत नाही. विरारहून चर्चगेटला रोज येणारा माणूस ‘आय ट्रॅव्हल फॉर थ्री अवर्स एव्हरी डे’ असे म्हणतो ते अगदी बरोबर आहे, कारण ते तीन तास दर दिवसाच्या प्रवासाचे आहेत. ते मागे कुठेतरी सुरू होऊन आजच्या क्षणापर्यंत येऊन पोचलेले नाहीत. मोजणी आजच्या क्षणाशी येऊन थांबते का, हे पाहायचे. नुसता शब्द पाहून भागत नाही.

‘फॉर’चीच एक जोडी अशी आहे की तिथे गफलत झाली तर अर्थ पार उलटा होतो. हॉटेलांत, पर्यटन कंपन्यांत किंवा रुग्णालयांच्या स्वागतकक्षात काम करणाऱ्यांनी ती विशेष लक्षात ठेवावी. बाहेरगावाहून आलेला पाहुणा ‘आय अ‍ॅम हिअर फॉर टू वीक्स’ म्हणाला, तर त्याचा मुक्काम एकूण दोन आठवड्यांचा आहे, आणि तो कदाचित आज सकाळीच आलेला असेल. तोच ‘आय हॅव बीन हिअर फॉर टू वीक्स’ म्हणाला, तर तो येऊन दोन आठवडे झाले आहेत, आणि किती दिवस राहणार हे त्याने सांगितलेलेच नाही. प्रश्न विचारतानाही ‘हाऊ लाँग आर यू हिअर फॉर?’ म्हणजे ‘किती दिवस आहात?’, आणि ‘हाऊ लाँग हॅव यू बीन हिअर?’ म्हणजे ‘येऊन किती दिवस झाले?’ मराठीत आपण हे दोन प्रश्न कधीच एकमेकांत मिसळत नाही, कारण ‘येऊन झाले’ हे शब्द स्वतंत्रपणे येतात. इंग्रजीत तो सगळा भार ‘आर’ आणि ‘हॅव बीन’ यांच्यावर असतो. नुकत्याच आलेल्या माणसाला पहिल्या प्रश्नाऐवजी दुसरा विचारला, तर खोली कधी रिकामी होणार हे स्वागतकक्षाला कळतच नाही.

आतापर्यंत मराठी वर्तमानकाळाच्या जागी इंग्रजी परफेक्ट कुठे येतो ते पाहिले. याच्या उलटही घडते, आणि त्याविषयी वर्गांत फारच कमी बोलले जाते. मराठीत ‘ला आहे, ली आहे, ले आहे’ अशी जी रूपे आहेत त्यांना आपण पूर्ण वर्तमानकाळ म्हणतो. शालेय मराठी व्याकरणाची मांडणी एकोणिसाव्या शतकात, इंग्रजी व्याकरण डोळ्यांसमोर ठेवून घडत गेली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली याच शहरात प्रसिद्ध झाले. काळांची नावे अशी समोरासमोर बसवली गेल्यामुळे पूर्ण वर्तमानकाळ म्हणजे प्रेझेंट परफेक्ट, असे समीकरण आपल्या मनात कायमचे बसले. पुष्कळदा ते जुळतेही: ‘मी पत्र लिहिले आहे’ म्हणजे ‘आय हॅव रिटन द लेटर’. पण मराठीचे हे रूप एखाद्या क्रियेतून निर्माण झालेली आजची अवस्थाही दाखवते, आणि अवस्था सांगायची वेळ आली की इंग्रजी बहुतेक वेळा साध्या वर्तमानाकडे, म्हणजे ‘अ‍ॅम, इज, आर’कडे वळते.

‘तो खुर्चीवर बसला आहे’ हे इंग्रजीत ‘ही इज सिटिंग ऑन द चेअर’ असे होते. ‘ती निळी साडी नेसली आहे’ म्हणजे ‘शी इज वेअरिंग अ ब्लू सारी’. ‘मला भूक लागली आहे’ म्हणजे ‘आय अ‍ॅम हंग्री’, ‘मी दमले आहे’ म्हणजे ‘आय अ‍ॅम टायर्ड’, आणि शिक्षकाने काही समजावून सांगितल्यावर आपण ‘समजले’ म्हणतो तिथे इंग्रजीत ‘आय अंडरस्टँड’ हा निव्वळ सिंपल प्रेझेंट येतो. समीकरणावर विसंबून ‘ही हॅज सॅट’ किंवा ‘शी हॅज वोर्न अ ब्लू सारी’ म्हणणारे माझे विद्यार्थी आळशी नसतात. उलट ते नियम मनापासून पाळत असतात. त्यांना एवढेच सांगावे लागते की समोर दिसणारी अवस्था सांगताना क्रिया कधी झाली ते विसरा आणि माणूस आत्ता कसा आहे ते सांगा.

ताप हा या दृष्टीने मला सर्वांत उपयोगी विषय वाटतो, कारण त्यात दोन्ही बाजू एकदम येतात. ‘मला ताप आला आहे’ याचे इंग्रजी ‘आय हॅव अ फीवर’. यातला ‘हॅव’ पाहून पुष्कळांना हा परफेक्ट वाटतो, पण तो ‘असणे’ या अर्थाचा साधा वर्तमान आहे. आता डॉक्टर विचारतात, कधीपासून? मराठीत आपण ‘सोमवारपासून ताप आहे’ म्हणतो आणि इंग्रजीत ‘आय हॅव फीवर सिन्स मंडे’ असे सांगून मोकळे होतो. खरे तर इथे मोजणी सुरू झाली, म्हणून ‘हॅव’चे स्वतःचेच परफेक्ट रूप हवे: ‘आय हॅव हॅड अ फीवर सिन्स मंडे.’ ‘हॅव हॅड’ ही जोडी विद्यार्थ्यांना विचित्र वाटते. एकच शब्द चुकून दोनदा लिहिला गेला असावा असे समजून काही जण त्यातला एक खोडून टाकतात. ती बिनधास्त वापरावी. पहिला ‘हॅव’ परफेक्टचा, दुसरा ‘हॅड’ तापाचा. आणि ‘आय हॅव गॉट’ या जोडीला मात्र परफेक्ट समजू नये. तिचा बांधा परफेक्टचा असला तरी अर्थ ‘माझ्याकडे आहे’ एवढाच असतो, म्हणून ‘आय हॅव गॉट अ फीवर सिन्स मंडे’ हेही चालत नाही.

ओळखीचे आणि नात्याचे क्रियापद ‘नो’ हेही असेच फसवते. ‘मी त्याला लहानपणापासून ओळखते’ म्हणून ‘आय नो हिम सिन्स चाइल्डहूड’ असे सर्रास ऐकू येते. ‘आय नो हिम’ ठीक; ‘लहानपणापासून’ म्हटले की ‘आय हॅव नोन हिम सिन्स चाइल्डहूड’. इथे ‘हॅव बीन नोइंग’ करायचे नाही, कारण ओळखणे, असणे, आवडणे, विश्वास ठेवणे ही क्रियापदे इंग्रजीत सहसा ‘आयएनजी’ घेत नाहीत. उलट पाऊस, वाट पाहणे, काम, अभ्यास अशा प्रत्यक्ष चालू असलेल्या क्रिया ‘हॅव बीन’सह अधिक स्वाभाविक वाटतात: सकाळपासून कोसळणाऱ्या पावसाबद्दल ‘इट हॅज बीन रेनिंग सिन्स मॉर्निंग’ असेच म्हणावे.

लांबी मोजण्याप्रमाणेच इंग्रजी वेळाही मोजते, आणि तिथेही तोच नियम अगदी सूक्ष्मपणे काम करतो. ‘आय गो टू द क्लिनिक ट्वाइस अ वीक’ म्हणजे आठवड्यातून दोनदा जाण्याचा माझा शिरस्ता आहे. ‘आय हॅव बीन टू द क्लिनिक ट्वाइस धिस वीक’ म्हणजे या आठवड्यात आजवर दोन फेऱ्या झाल्या. ‘अ वीक’च्या जागी ‘धिस वीक’ आले आणि क्रियापद बदलले, कारण ‘धिस वीक’ हा आठवडा अजून उघडा आहे आणि त्यातली मोजणी आजपर्यंत आली आहे. त्याचप्रमाणे ‘डू यू ईट बोंबील?’ या प्रश्नात आवडीनिवडीची, आहाराची चौकशी आहे. ‘हॅव यू एव्हर ईटन बोंबील?’ या प्रश्नात सगळे आयुष्य आजपर्यंत चाळून एकदा तरी खाल्ले आहे का, असे विचारले आहे. शाकाहारी माणसाला पहिला प्रश्न विचारणे रीतीला धरून होईल, दुसऱ्याने तो कदाचित दुखावला जाईल.

‘पहिल्यांदा’ हा शब्दही मोजणीच करतो, हे लक्षात आले की एक जुना गोंधळ सुटतो. विदर्भातून किंवा मराठवाड्यातून आलेली एखादी मुलगी गिरगाव चौपाटीवर उभी राहून म्हणते, ‘मी समुद्र पहिल्यांदाच पाहते आहे.’ मराठीत वर्तमानकाळ आहे, समुद्र डोळ्यांसमोर आहे, तरी इंग्रजीत ‘धिस इज द फर्स्ट टाइम आय हॅव सीन द सी’ असेच म्हणायचे, ‘आय सी’ किंवा ‘आय अ‍ॅम सीइंग’ नाही. कारण ‘पहिल्यांदा’ म्हणताना तिने आजवरच्या आयुष्यातल्या समुद्रदर्शनांची संख्या सांगितली आहे, ती संख्या एक असली तरी. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा यांनाही हेच लागू होते.

नोकरीच्या मुलाखतीसाठी तयारी करणाऱ्यांशी मी ज्या तीन वाक्यांवर सर्वांत जास्त वेळ बोलते ती अशी: ‘आय वर्क इन अ बँक’, ‘आय हॅव वर्क्ड इन अ बँक’ आणि ‘आय हॅव वर्क्ड इन अ बँक फॉर सिक्स इयर्स’. पहिल्यावरून कळते की तुम्ही आज बँकेत आहात. दुसऱ्यावरून कळते की बँकेतल्या कामाचा अनुभव तुमच्या गाठीशी आहे. आज तुम्ही तिथे आहात की नाही हे वाक्य सांगत नाही, आणि ऐकणारा बहुधा ‘आता नसावेत’ असाच अर्थ घेतो. तिसऱ्यात सहा वर्षे जोडली गेली आणि अर्थ फिरला: सहा वर्षे झाली, आणि संदर्भाने वेगळे सुचवले नाही तर तुम्ही अजून तिथेच आहात. ती नोकरी सोडून झाली असेल तर इथे परफेक्ट वापरणे दिशाभूल करणारे ठरते. तेव्हा ‘आय वर्क्ड इन अ बँक फॉर सिक्स इयर्स’ असा सरळ भूतकाळ हवा. अनुभवपत्रात हे चारही प्रकार जागोजागी लागतात. ज्याला यांतला फरक कळत नाही, तो सध्याची नोकरी सुटल्याचे नकळत सांगून बसतो, किंवा सुटलेली नोकरी चालू असल्याचे भासवतो, आणि पुढे कागदपत्रे तपासताना त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल विनाकारण शंका घेतली जाते. या ठिकाणी व्याकरण ही केवळ गुणांची बाब उरत नाही, म्हणून मी इतका आग्रह धरते.

नेमका दिवस किंवा वेळ आली की प्रेझेंट परफेक्टही मागे सरतो, एवढे इथेच नोंदवते. ‘मी काल पैसे भरले आहेत’ हे मराठीत सहज चालते. ‘आय हॅव पेड यस्टरडे’ हे इंग्रजीत चालत नाही. ‘आय पेड यस्टरडे’ म्हणावे, किंवा ‘यस्टरडे’ वगळून ‘आय हॅव पेड’ म्हणावे.

इंग्रजी वर्तमानपत्र हे या सगळ्याच्या सरावाचे उत्तम साधन आहे, आणि ते वाचनालयात फुकट मिळते. मुसळधार पावसाच्या दुसऱ्या दिवशी मथळा असतो ‘हेवी रेन हिट्स मुंबई’ अशा धाटणीचा: घडून गेलेली गोष्ट, पण रूप सिंपल प्रेझेंट. ही मथळ्यापुरतीची रीत आहे. बोलताना किंवा पत्रात ‘रेन हिट्स अवर एरिया’ असे लिहू नये. बातमीच्या पहिल्या वाक्यात पुष्कळदा ‘हेवी रेन हॅज हिट मुंबई’ असा परफेक्ट येतो, कारण तिथे आजवर पोचलेली ताजी खबर द्यायची असते. आणि मग ‘द वॉटर रोझ आफ्टर मिडनाइट’ असे तपशील भूतकाळात सांगितले जातात. एकाच घटनेसाठी तीन रूपे, तीन निरनिराळ्या कामांसाठी. मी विद्यार्थ्यांना मथळा झाकून पहिल्या वाक्यावरून तो तयार करायला सांगते, आणि मग उलटही करायला लावते. एकाच बातमीत काळ का बदलले हे त्यांना स्वतःहून सांगता यावे, एवढीच अपेक्षा असते.

भविष्याविषयी बोलताना ‘व्हेन, आफ्टर, अनटिल, अ‍ॅज सून अ‍ॅज’ यांच्या मागून कोणता काळ घ्यावा, हा प्रश्न वरच्या इयत्तांतल्या विद्यार्थ्यांनाही पडतो. मराठीत ‘दादरला पोचले की फोन करते’ असे आपण म्हणतो, म्हणजे अजून न घडलेल्या गोष्टीला भूतकाळाचे रूप देतो, आणि म्हणून ‘व्हेन आय रीच्ड दादर, आय विल कॉल यू’ असे वाक्य तयार होते. इंग्रजीत इथे ‘व्हेन आय रीच दादर’ हा सिंपल प्रेझेंट हवा. पण एक काम पुरते आटोपल्याशिवाय दुसरे सुरू करायचे नसेल तर परफेक्ट येतो: ‘व्हेन यू हॅव ईटन, वॉश द प्लेट.’ ‘व्हेन यू ईट, वॉश द प्लेट’ म्हटले तर जेवताना ताट धुवा, असा काहीसा अर्थ होऊ लागतो. यासाठी मराठीतूनच एक चांगली खूण मिळते. जिथे मराठीत नुसते ‘पोचले की’, ‘आले की’ पुरते, तिथे इंग्रजीत बहुतेक वेळा सिंपल प्रेझेंट पुरतो. जिथे आपल्याला ‘जेवून झाले की’, ‘वाचून झाले की’ असे ‘झाले’ घालावेसे वाटते, तिथे परफेक्ट शोभतो. बँकेच्या फॉर्मवर सही करणाऱ्याला म्हणूनच ‘डू नॉट साइन अनटिल यू हॅव रेड एव्हरी पेज’ असे बजावतात, म्हणजे सगळे वाचून होईपर्यंत सही नको.

अमेरिकी इंग्रजीचा प्रश्न हल्ली वारंवार येतो, कारण कॉल सेंटरमध्ये काम करणारे तरुण रात्रभर अमेरिकी ग्राहकांशी बोलत असतात. ‘जस्ट, ऑलरेडी, यट’ यांच्याबरोबर जिथे ब्रिटिश माणूस ‘हॅव यू ईटन यट?’ म्हणतो, तिथे अमेरिकी माणूस अनेकदा ‘डिड यू ईट यट?’ म्हणतो. दोन्ही आपापल्या जागी शुद्ध आहेत. आपली पाठ्यपुस्तके ब्रिटिश वळणाची असल्यामुळे परीक्षेत पहिले लिहावे. पण ‘आय वर्क हिअर सिन्स’ हे ना ब्रिटिश वळण ना अमेरिकी, त्यामुळे त्या पळवाटेचा इथे उपयोग नाही. एक वाक्प्रयोग मात्र ‘सिन्स’ असूनही साधा वर्तमान खपवून घेतो, आणि तो मला फार आवडतो: ‘इट इज टेन इयर्स सिन्स ही लेफ्ट मुंबई.’ ‘त्याला मुंबई सोडून दहा वर्षे झाली’ याच्या तो अगदी जवळचा आहे. इथे ‘इज’ त्या दहा वर्षांविषयी बोलतो, सोडून गेलेल्या माणसाविषयी नाही, म्हणून तो टिकतो. ‘इट हॅज बीन टेन इयर्स’ असेही म्हणता येते.

कार्यालयीन पत्रांत सिंपल प्रेझेंटची एक ताकद आहे जी परफेक्टकडे नाही, आणि ती न ओळखल्यामुळे अर्ज ढिले पडतात. काही क्रियापदे उच्चारली की तीच कृती होते. ‘आय रिक्वेस्ट’, ‘आय अ‍ॅपॉलजाइज’, ‘आय अ‍ॅक्सेप्ट’, ‘आय प्रॉमिस’, ‘आय रिझाइन’ असे लिहिले, की विनंती झाली, क्षमा मागितली गेली, स्वीकार झाला, वचन दिले गेले, राजीनामा दिला गेला. ‘आय हॅव रिक्वेस्टेड’, ‘आय हॅव अ‍ॅक्सेप्टेड’ म्हणजे ती कृती आधीच कुठेतरी झाली आहे आणि हे पत्र तिची फक्त माहिती देते. नियुक्तीपत्राला उत्तर देताना एखादा उमेदवार ‘आय हॅव अ‍ॅक्सेप्टेड द पोस्ट’ लिहितो आणि कंपनीचा माणूस आधीचे पत्र शोधत बसतो. तिथे ‘आय अ‍ॅक्सेप्ट द पोस्ट’ हवे. राजीनाम्यात तर हा फरक फारच महत्त्वाचा आहे. वरिष्ठांना द्यायच्या पत्रात ‘आय रिझाइन फ्रॉम माय पोस्ट’ असे लिहिले की तेच पत्र राजीनामा ठरते. ‘आय हॅव रिझाइन्ड’ हे वाक्य ते पत्र देऊन झाल्यानंतर सहकाऱ्यांना सांगायचे असते.